चोवीस ग्रॅमच्या पटीत

बोट धक्क्याला लागली तेव्हा पाट्या घेऊन उभी असलेली माणसं एकोणीस होती. फुलांच्या माळा घेतलेल्या मुली सहा. शहाळ्यांच्या गाड्या चार. नारळाची झाडं एकतीस, त्यांतली दोन प्लास्टिकची. जवळ जाऊन नखाने खरवडून पाहिलं म्हणून सांगते. बोटीतून उतरणारे आम्ही बेचाळीस जण, आणि त्यांतली अगदी मागे, इंजिनाला टेकून, एकटी बसवलेली प्रवासी एक. ती मी.

मला तिथे बसवायचं कारण माझ्या मांडीवर होतं. काचेची बरणी, झाकणावर दुहेरी दादरा बांधलेला, त्यावर एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर दुसरी. तरी वास यायचा तो येतच होता.

“काय आहे त्यात?” निघताना बोटवाल्याने नाक मुठीत धरून इंग्रजीत विचारलं होतं.

मला येत होती त्या गावठी ईसानी बोलीत मी सांगितलं, “प्ला रा.”

त्याने नाकावरचा हात काढला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “कुठली?” तो त्याच बोलीत, हळूच.

“कालासिनकडची. मरळीची आहे.”

“मरळीची!” त्याने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मग सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत ओरडला, “मॅडम, व्हेरी बॅड स्मेल! बॅक साइड, प्लीज!”

बारा वर्षं झाली याला. कोल्हापुरात प्राणिशास्त्राची एम.एस्सी. करून मी थायलंडच्या ईशान्येला, त्या भागाला ईसान म्हणतात, एका प्रकल्पावर गेले होते. भातखाचरांत पावसाचं पाणी साचलं की त्यात मासे येतात. एका खाचरातून वर्षभरात किती मासा निघतो ते मोजायचं काम. दहा महिने मी एका गावात राहिले. घरं अठ्ठावन्न, माणसं एकशे त्रेसष्ट. म्हातारे होते, नातवंडं होती. अठरा ते चाळीस या वयातली माणसं सात, आणि त्यांतली एक मी. बाकीची कुठे गेली असं विचारलं की लोक दक्षिणेकडे हात करायचे.

मी राहायचे मै सोमजितकडे. मै म्हणजे आई. त्या वयाच्या प्रत्येक बाईला तिकडे मैच म्हणतात. ती मला नू म्हणायची. नू म्हणजे उंदीर. तरण्या मुलींना लाडाने असंच हाक मारतात तिकडे, आणि दहा महिने बांधाबांधाने चिखलातून फिरल्यावर माझीही काही हरकत उरली नव्हती.

मैला एकच मुलगी, ऑय. ऑय म्हणजे ऊस. हे कळलं तेव्हा मला परमुलखात गाववाली भेटल्यासारखं झालं. ती एका बेटावरच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये कामाला होती आणि तीन वर्षांत घरी आलेली नव्हती. दर वर्षी रिसॉर्टचं कॅलेंडर मात्र न चुकता यायचं. मैच्या चुलीवरच्या भिंतीला तीन वर्षांची तीन कॅलेंडरं एकाशेजारी एक टांगलेली होती, आणि तिन्हींवर समुद्र तोच होता.

त्याच समुद्राचं चित्र मला आलेल्या पत्रावर होतं. ‘ग्रामीण कुटुंबांचं अन्न’ या विषयावर पाच दिवसांची कार्यशाळा भरणार होती, आणि ती कुठल्याही गावापासून सहाशे किलोमीटर लांब, त्या रिसॉर्टमध्ये. मैने पत्र हातात घेतलं, भिंतीवरच्या चित्राशी ताडून पाहिलं आणि मागच्या पडवीत गेली. तिथे रांजण होता.

प्ला रा म्हणजे मासा, मीठ आणि भाताचा कोंडा एकत्र करून रांजणात दडपायचा आणि वर्षभर विसरून जायचा. या वर्षी घातलेली पुढच्या वर्षी खायची. त्यामुळे पुढच्या वर्षी घरात किती तोंडं असणार हे बाईला आधीच ठरवावं लागतं. एकटीला सहा किलो मासा पुरतो, दोघींना बारा. मै तीन वर्षं बाराच घालत आली होती आणि उरलेली गावभर वाटत होती. पाऊस संपत आला होता, खाचरं आटू लागली होती. यंदाची घालायची वेळ पंधरा दिवसांवर आली होती.

“येणार का, असं तिला विचारू नकोस,” मै बरणी भरता भरता म्हणाली. “विचारलंस की येते म्हणेल. तीन वर्षं तेच म्हणतेय.”

“मग कळणार कसं?”

“तुझा तो काटा आहे ना? बेडकांची वजनं करतेस, गोगलगाईंची करतेस. माझ्या बरणीचं कर. देताना कर, आणि निघायच्या दिवशी बरणी मागून घेऊन परत कर. आईकडचं खायची वासना असेल तर माणूस घराकडे येतं. तिने खाल्लं असेल तर मोठा रांजण घासून ठेवते. नसेल, तर विहाराला देऊन टाकते. एकटीच्या घरात एवढं मोठं भांडं कशाला?”

एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मला कुठल्याही सरांनी इतक्या स्वच्छ शब्दांत प्रयोग समजावून दिला नव्हता.

मै वीतभर लांबीचे मासे एकेक करून, अख्खे, बरणीत उभे लावत होती. त्यांची डोकी अडत होती. “डोकी काढून टाकली तर आणखी चार मासे मावतील,” मी म्हटलं.

“तू वजनाचं बघ,” मै म्हणाली.

मी पाहिलं. बरणी आणि झाकण धरून, दादरा सोडून, दोन किलो तीनशे साठ ग्रॅम.

तर धक्क्यावर माळा घेतलेल्या सहा मुलींपैकी चौथी ऑय होती. मैच्या कपाटावर तिचा फोटो होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. भुवया तेवढ्या बारीक झाल्या होत्या. गळ्यात शिंपल्यांची माळ, कमरेला निळं वस्त्र आणि छातीवर नावाची पट्टी, ‘लिली’. माझ्यापुढच्या जोडप्याच्या गळ्यात माळ घालत ती म्हणत होती, “बेटावर स्वागत! मी लिली. आम्ही तीन पिढ्या इथले कोळी. माझे आजोबा याच समुद्रात जाळं टाकायचे.” जोडप्याने तिचे पाच फोटो काढले.

माझी पाळी आली. “फी ऑय?” मी म्हटलं. फी म्हणजे ताई.

चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे राहिलं. डोळे तेवढे माझ्या पिशवीकडे गेले आणि नाकपुड्या हलल्या.

“मैला काय झालं?” ओठ न हलवता तिने विचारलं.

“काही नाही. ठणठणीत आहे. तिने हे पाठवलंय.”

तिने रोखलेला श्वास सोडला आणि मग चिडली. “मग असं तोंड करून उभी का राहतेस? आणि हे घेऊन इथे आलीस? लोकांत?”

“कुठे देऊ मग?”

“कुठेच नको. परत ने. आम्ही सहाजणी एका खोलीत झोपतो. मागच्या महिन्यात एकीच्या उशाशी सुक्या मासळीची पुडी सापडली, तर मॅनेजरने तिला उचलून चादरी धुवायला बसवलं. आता तिला फुलं नाहीत, माळ नाही, दिवसभर साबणाचं पाणी.”

“थोडी तरी ठेव. मै विचारेल.”

“सांग, ऑय असलं खात नाही आता. इथे चीज मिळतं. पास्ता मिळतो.”

“आवडतो?”

“सवय होते.” मागून कोणीतरी आलं तशी तिने माळ माझ्या गळ्यात टाकली आणि हातातल्या यादीवर बोट ठेवून इंग्रजीत, गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, युवर रूम इज वन झीरो फोर.”

“माझ्या पत्रात तर दोनशे बारा लिहिलंय. समुद्राकडची.”

“ती भरली,” ती पुन्हा बोलीत म्हणाली. “एकशे चार तळमजल्यावर आहे. मागे ओटा आहे, बागेकडे उघडतो. हे बाहेर ठेव. खोलीत ठेवलंस तर तुलासुद्धा चादरी धुवायला बसवतील.”

प्रयोग सुरू व्हायच्या आधीच संपला होता. बरणी घेतलीच नाही म्हटल्यावर पुढे मोजणार काय? मैला काय सांगायचं याचा विचार करत मी दादरा सोडला, बरणी ओट्यावर एका मोठ्या कुंडीमागे ठेवली आणि दुपारच्या सत्राला गेले. पडद्यावर भात लावणाऱ्या बायकांचे फोटो दाखवले. एसी इतका होता की मला शाल घ्यावी लागली.

सहा वाजता परत आल्यावर, निव्वळ सवयीने, मी बरणी काट्यावर ठेवली. दोन हजार तीनशे तेरा.

सत्तेचाळीस ग्रॅम गेले होते.

पहिला संशय काट्यावर. पाण्याची सीलबंद बाटली तीनदा मोजली, तिन्ही वेळा तोच आकडा. काटा ठीक होता. मग बाष्पीभवन. झाकण सैल होतं, उष्मा होता, पण चार तासांत सत्तेचाळीस ग्रॅम उडून जायला ती बरणी नव्हे, पसरट परात हवी. तरी खात्री केलेली बरी म्हणून नाश्त्याच्या टेबलावरून मधाची एक रिकामी बरणी मागून आणली, तिच्यात मिठाचं पाणी भरलं, झाकण तितकंच सैल लावलं आणि पहिलीच्या शेजारी ठेवून दिली. वजन सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सहा.

मंगळवारी त्र्याहत्तर ग्रॅम गेले. सगळेच्या सगळे दोन ते सहाच्या मध्ये. मिठाच्या पाण्याचं वजन होतं तेवढंच.

बुधवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आमचे प्रकल्पप्रमुख डॉ. लिंडक्विस्ट, अतिशय सज्जन माणूस, प्ला राविषयी बोलत होते. आंबवलेला मासा हा ईसानी माणसाचा कणा आहे, त्यात किती प्रथिनं, किती चुना, असं बरंच काही. हे बोलताना त्यांच्या पुढ्यात पास्ता होता. ऑय पाणी वाढायला आली.

“आता हिचंच पाहा,” डॉक्टर कौतुकाने म्हणाले. “ही अस्सल बेटावरची मुलगी, समुद्रात वाढलेली. लिली, तुम्ही लोक खाता का प्ला रा?”

“नो, सर,” ऑयने नाक मुरडलं, आणि ते इतकं सुरेख मुरडलं की टेबल हसलं. “ते वर, खेड्यातले लोक खातात. त्याला फार वास येतो.”

“आणि पोहायला तर तू चालायच्या आधी शिकली असशील!”

“ऑफ कोर्स, सर.”

माझ्या ग्लासात पाणी ओतायला ती वाकली तेव्हा मी बोलीत विचारलं, “येतं पोहता?”

“कुठे शिकणार? आमच्या खाचरात पाणी गुडघ्याएवढं. तुला माहीत नाही का?”

“आणि बोटीत बसलीस की?”

“ओकते,” ती म्हणाली आणि पुढच्या ग्लासाकडे गेली.

त्या दुपारी चोवीस ग्रॅम गेले.

संध्याकाळी मी तिन्ही आकडे कागदावर मांडले. सत्तेचाळीस, त्र्याहत्तर, चोवीस. चोवीसची दुप्पट, चोवीसची तिप्पट, चोवीस. एका ग्रॅमचा काय तो फरक. माझ्या अंगावर काटा आला. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या बाईंनी विजेचा भार कसा ठरावीक तुकड्यांतच येतो, अर्धा तुकडा कधी सापडत नाही, ते शिकवलं होतं, ते पहिल्यांदा मनापासून पटलं. कुंडीमागचं जे काही नाहीसं होत होतं ते चोवीसच्या तुकड्यांनी होत होतं. गुरुवारी एकाहत्तर गेले तेव्हा मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या. पण हा तुकडा म्हणजे काय ते कळेना. चमचा म्हणावं तर चमचा दर वेळी इतका नेमका भरत नाही. मांजर म्हणावं तर मांजराला आट्याचं झाकण फिरवता येत नाही, आणि आलंच तरी ते परत लावायची तसदी घेत नाही. बरणीत पाहावं तर कोंड्याचा राडा, वरून काही दिसत नव्हतं. आणि ढवळून प्रयोगात हात घालायचा नाही हे मला शिकवलेलं होतं.

गुरुवारी झाकणाच्या आट्यात एक शीत सापडलं. चिकट भाताचं. रिसॉर्टमध्ये चिकट भात फक्त आंब्याच्या फोडींबरोबर, नारळाच्या दुधात, पाहुण्यांसाठी मिळे. या शिताला नारळाचा वास नव्हता.

म्हणजे माणूस. कोण ते काढायला हवं होतं. तोवर माझी नोकरवर्गात बऱ्यापैकी ओळख झाली होती. भेटेल त्याला मी बोलीत ‘जेवलात का?’ विचारायचे आणि तो जागच्या जागी गावचा पत्ता सांगून मोकळा व्हायचा. अशा सतरा जणांची नोंद केली. माळी, आचारी, खोल्या झाडणाऱ्या, शिंपल्यांचा नाच करणाऱ्या, कोळ्याच्या वेशात जाळं फेकून दाखवणारा. ब्रह्मदेशातले दोन, बेटावरचा एक, ईसानचे चौदा. बेटावरचा एक सुट्टीवर बँकॉकला जायच्या गडबडीत होता. गावांतून गेलेली ती अठरा ते चाळीस वयातली माणसं मला इथे सापडली.

आणि हीच अडचण होती. संशयित एक नव्हता, चौदा होते. दुपारी दोन ते सहा सगळ्यांनाच आळीपाळीने सुट्टी असायची. बाग सगळ्यांना मोकळी होती. वास तर सगळ्यांना ओळखीचा. शुक्रवारी एकोणपन्नास ग्रॅम गेले. एकूण दोनशे चौसष्ट. शेजारच्या मिठाच्या पाण्यातला चार दिवसांत एक.

शनिवारी सकाळी ऑय निरोपाच्या माळा घेऊन धक्क्यावर उभी होती.

“बरणी नेतेस ना?”

“नेते.”

“झाकण आवळून ने. सैल आहे.”

“तुला कसं माहीत?”

“आमच्या घरात एक तरी झाकण घट्ट बसतं का?” ती म्हणाली. “आणि मैला सांग, येते म्हणावं.”

ते मी वहीत लिहून ठेवलं. बोट वळली तेव्हा रिसॉर्टची दुसऱ्या मजल्यावरची रांग नीट दिसली. दोनशे बारा नंबरच्या खोलीचा पडदा आमच्या पहिल्या दिवशी होता तसाच, अर्धा ओढलेला. पाचही दिवस मी किनाऱ्यावरून तो तसाच पाहिला होता. हेही लिहून ठेवलं. पण खोली रिकामी राहिली म्हणजे प्ला रा कोणी खाल्ली, असं त्यातून सिद्ध होत नव्हतं.

गावाकडच्या बसमध्ये अठरा तास मी दोन वाक्यांचा सराव केला. एक होतं, ‘तिने खाल्लं, मै.’ दुसरं होतं, ‘कोणी खाल्लं ते मला माहीत नाही.’ पहिलं म्हणायला सोपं होतं.

मै पायरीवर बसून मिठाचे खडे निवडत होती. मोठा रांजण पडवीत पालथा घातलेला होता आणि त्याला बाहेरून दोरी बांधलेली होती, उचलून नेता यावा अशी.

“दिलीस?”

“घेतली नाही तिने. असलं खात नाही म्हणाली.”

मैने मिठातला एक काळा खडा उचलून बाजूला टाकला. “बरं.”

“पण बरणी माझ्या खोलीमागे होती. रोज वजन घटत गेलं. दोनशे चौसष्ट ग्रॅम.”

“कोणी खाल्लं?”

सराव केलेल्या दोन्ही वाक्यांकडे मी पाहिलं. “माहीत नाही, मै. तिथे चौदा जण ईसानचे आहेत. त्यांतलं कोणीही असेल. चौघं असतील, सगळे असतील. ‘येते म्हणावं’ असा निरोप दिलाय तिने, पण ते ती तीन वर्षं म्हणतेय, तूच सांगितलंस.”

“वजनावरून कोण ते नाही कळत?”

“वजनावरून एवढंच कळतं की चोवीस ग्रॅमचा एक तुकडा. पहिल्या दिवशी दोन गेले, मग तीन, एक, तीन, दोन.”

“किती झाले?”

“अकरा.”

मैचे हात थांबले. ती उठली, माझ्याकडून बरणी घेतली, झाकण काढलं आणि शिंक्यावरची परात खाली घेऊन बरणी तिच्यात पालथी केली. कोंड्याचं तपकिरी पाणी पसरलं. मैने बोटांनी कोंडा बाजूला सारत मासे एकेक करून ओळीने लावले. मी ओणवी होऊन पाहत होते. शेपट्या होत्या, पोटं होती, पाठीचे काटे होते. पाच दिवस मी या बरणीला काट्यावर चढवत होते आणि आत काय राहिलं ते एकदाही पाहिलं नव्हतं.

“घरात मासा आला की ही आणि हिचा बाप, दोघांची मारामारी,” मै परातीकडे बघत म्हणाली. “तो म्हणायचा, हिला नुसती डोकी पाहिजेत, बाकीच्यांनी काय शेपट्या चोखायच्या का?”

तिने बोटाने ओळ मोजली. मग मी मोजली. मासे अकरा. डोकी शून्य.

मैने हात कमरेच्या वस्त्राला पुसले आणि रांजणाची दोरी सोडली. “उद्या पहाटे खाचरावर ये,” ती म्हणाली. “आणि काटा आण.”

माझा काटा पाच किलोपर्यंतचा होता, म्हणून तीन खेपांत वजन करावं लागलं. चार किलो सहाशे ऐंशी, चार किलो दोनशे दहा आणि तीन किलो दोनशे पन्नास. एकूण मासा बारा किलो एकशे चाळीस ग्रॅम.